मुंगीचं फिरतं दुखणं

माझे सासरे नालबंद आणि मी घोड्यांची डॉक्टर, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर खुरांबद्दल बोलायचं नाही असा नियमच सासूबाईंनी करून टाकला होता. तो कुणी पाळत नव्हतं. सासऱ्यांचं म्हणणं, घोड्याची शंभरातली नव्वद दुखणी खुरातून सुरू होतात. माझं म्हणणं, सगळे खुरातच डोकं घालून बसतात म्हणून उरलेली दहा कुणाला सापडत नाहीत. ताटातलं निवून जाईपर्यंत आमचा वाद चालायचा आणि शेवटी सासूबाई आमच्यासमोरून भांडी उचलून न्यायच्या.

लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा सासऱ्यांनी मला शिक्षण, पगार, आईवडील यातलं काहीच विचारलं नव्हतं. विचारलं ते एवढंच, की घोड्याचा मागचा पाय उचलताना तू कुठल्या बाजूला आणि किती जवळ उभी राहतेस. मी उभी राहून दाखवलं. त्यांनी सासूबाईंकडे बघून मान हलवली आणि माझं लग्न ठरलं. निदान माझा नवरा तरी सगळ्यांना असंच सांगतो. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातले सात-आठ महिने तो समुद्रावर आणि घरात आम्ही तिघं.

आमच्या घरापुढचा रस्ता जिथं संपतो आणि जंगल सुरू होतं, तिथं घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा आहे. चौदा घोडे, वाळूचं मैदान, पत्र्याचा लांबलचक तबेला. मालकिणीला लहानथोर सगळे मॅडम म्हणतात. तिथल्या सगळ्या घोड्यांचे नाल सासरेच ठोकायचे आणि सगळ्यांची दुखणीखुपणी मी बघायचे. मुंगी ही त्यातली सगळ्यांत थोराड घोडी. शिंगरू असताना ती इतकी किरकोळ होती की सासऱ्यांनीच तिचं नाव मुंगी ठेवलं. मग ती वाढत गेली, वाढतच गेली, आणि नाव बदलायचं राहून गेलं. पहिल्यांदा घोड्यावर बसणारं मूल मुंगीवरच बसवायचे. मुलं रडायची, तिच्या मानेला मिठी मारायची, लगाम भलतीकडे ओढायची, आणि मुंगी भिंतीसारखी उभी.

धडे संपले की सासरे तिला जंगलाच्या कडेनं फिरवून आणायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत होतं. ती चरायची, ते तिच्या खांद्याला टेकून उभे राहायचे आणि दोघं जेवढं चालायचे त्याच्या दुप्पट वेळ थांबायचे. घरी आले की सासूबाई म्हणायच्या, आज कुणी कुणाला फिरवून आणलं?

वसंतातल्या एका सोमवारी सासऱ्यांनी मुंगीच्या पुढच्या दोन्ही पायांचे नाल बदलले. गुरुवारी ती डाव्या पुढच्या पायानं लंगडायला लागली.

नाल बदलल्यावर घोडा लंगडला की पहिलं बोट नालबंदाकडेच जातं. खुराच्या कडेला बाहेरच्या बाजूला जेमतेम बोटभर जाडीचा भाग असतो, ज्यात खिळा मारला तर घोड्याला कळतही नाही. तो जरा आत गेला की जिवंत भागाला टोचतो. सासऱ्यांनी हे इतरांच्या आधी स्वतःच बोलून दाखवलं. नाल काढला, चिमट्यानं खूर सगळीकडून दाबून पाहिला, हात लावून कुठं गरम लागतंय का पाहिलं. काही सापडलं नाही, तरी दुसऱ्या पायाचाही नाल काढून ठेवला. चार दिवसांत मुंगी ठीक झाली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आठवड्यानं तिचा मागचा उजवा पाय दुखायला लागला. पुढच्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून तिनं मागच्यावर जास्त दिला असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो बरा झाला, तर पुढचा उजवा. मग पुन्हा काही दिवस सगळं ठीक. मी एक्स-रे काढले. कुठला भाग बधीर केला की लंगडणं थांबतं ते कळावं म्हणून पायाचा एकेक भाग बधीर करून तिला चालवून पाहिलं. रक्त तपासलं. कशातूनच काही निष्पन्न झालं नाही. कधीकधी नेमकी मी तपासायला जायचे त्याच दिवशी ती व्यवस्थित चालायची आणि तबेल्यातली माणसं माझ्याकडे असं बघायची, जणू हे सगळं माझ्या मनाचं आहे.

त्यात मॅडमनी शेजारच्या गावातून दुसऱ्या नालबंद बाईंना बोलावलं. चाळिशीच्या, मनगटं दणकट, कामाला चोख अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी खूर पाहिला, खिळ्यांची जुनी भोकं पाहिली आणि अगदी अदबीनं म्हणाल्या की एक खिळा कदाचित थोडा आत गेला असावा. सासरे शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "असेल."

मला धक्का बसला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं नाही, तो एक तीन अक्षरी शब्द बोलून बाजूला झाला. त्यावेळी मी पुढे होऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मलाही खिळ्याचाच संशय होता. मी मूग गिळून उभी राहिले आणि माझं ते न बोलणं त्यांना बरोबर ऐकू गेलं.

त्या दिवसानंतर त्यांनी काम बंद केलं. बोलून नाही. आज बरं नाही, उद्या बघू, असं करत करत महिना गेला. शाळेतले बाकीचे घोडे त्या बाईंकडे गेले. सासरे संध्याकाळी तेवढे मुंगीला फिरवायला जायचे; दुखऱ्या पायानंही हळूहळू चालवलेलं बरं असं मीच सांगितलं होतं. दिवसभर ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. जेवणाच्या टेबलावर आता खुरांबद्दल कुणी बोलत नव्हतं आणि सासूबाईंना तेच सहन होत नव्हतं. एकदा त्यांनीच मुद्दाम विषय काढला, की पुढच्या खुराची आणि मागच्या खुराची ठेवण वेगळी का असते. सासऱ्यांनी "असते तशी" म्हणून पाणी मागितलं.

मुंगीचा स्वभावही बिघडत चालला होता. अंगावरून ब्रश फिरवला की कातडी थरथरायची. खोगीर आणताना दिसलं की कान मागे टाकायची. एके दिवशी तिनं एका मुलीच्या हातातला ब्रश दातांनी ओढून फेकला. मुलीला काही लागलं नाही, पण मॅडमचा जीव वरखाली झाला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलांसाठी आता हिचा भरवसा धरता येणार नाही, हिला शाळेतून काढून कुठंतरी ठेवावं लागेल. कुठंतरी म्हणजे कुठं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, कारण त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुली मुंगीवरच शिकल्या होत्या.

हे घरी सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. रविवारी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. मग मी त्यांना विचारलं, की मुंगीचा कुठला पाय कधी दुखला, हे क्रमानं आठवतंय का. माझ्याकडे कागद होते, पण मी फक्त बोलावल्यावर जायचे. ते तिला रोज बघत होते.

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या आणि पाढा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. डावा पुढचा, चार दिवस. उजवा मागचा, सहा दिवस. उजवा पुढचा, फक्त सकाळी. मग डाव्या मागच्याचं ढोपर सुजलं होतं, दोन दिवसांत उतरलं. ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मग मानेला ताठरपणा. मग पुन्हा डावा पुढचा. दहा आठवड्यांतला एकही दिवस ते चुकले नाहीत. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की नाल काढूनच दहा आठवडे झालेत. खिळा टोचला असता तर एव्हाना तिथं पू तरी झाला असता नाहीतर जखम भरून तरी आली असती. खिळा एका जागी असतो. हे दुखणं सगळ्या अंगभर हिंडत होतं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई मटाराचं भांडं पुढे सरकवत म्हणाल्या, "घोडीचं एवढं पाठ आहे, स्वतःचं पण सांगा की तिला. यांचं दुखणंही दर आठवड्याला बिऱ्हाड बदलतं. आधी उजवा गुडघा, मग खांदा, आता डावा गुडघा."

सासरे म्हणाले, वय झालं की असंच होतं. सासूबाई म्हणाल्या, वय काय बिऱ्हाड बदलत नाही, ते आलं की मुक्कामालाच येतं.

मी सासऱ्यांना डाव्या पायाची विजार वर करायला सांगितलं. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी सासूबाईंनीच ती दुमडली. गुडघा नारळाएवढा सुजला होता आणि हा माणूस त्या गुडघ्यावर रोज संध्याकाळी जंगलाच्या कडेनं चालत जात होता. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडली. त्या सोमवारी, नाल ठोकताना, त्यांच्या गुडघ्यातला जोर अचानक गेला होता आणि हातोडी थोडी तिरकी पडली होती. त्यांनी तो खिळा काढून दुसरा मारला होता. पण गुरुवारी मुंगी लंगडली तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं, की आपलाच हात चुकला. वाकता येत नाही तो नालबंद कसला, हे त्यांचं स्वतःचंच वाक्य, ते इतरांच्या बाबतीत नेहमी वापरायचे.

मी विचारलं, मुंगीच्या अंगावर गोचीड सापडायचे का. ते म्हणाले, पानगळीच्या दिवसांत पुष्कळ. जबड्याखाली, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली. काही तर खसखशीच्या दाण्याएवढे. ते नखानं काढून टाकायचे. आणि तुमच्या अंगावर, असं विचारलं. उत्तर सासूबाईंनी दिलं. त्याच सुमारास यांच्या मांडीच्या मागच्या बाजूला एक लाल वर्तुळ उठलं होतं, आधी रुपयाएवढं, मग बशीएवढं, मध्ये फिकट. बूट घासला म्हणाले, मलम चोळलं, दोनतीन आठवड्यांत गेलं.

गोचिडांमधून पसरणारा लाइम नावाचा एक आजार आहे. माणसालाही होतो आणि घोड्यालाही. सांधे धरतात, पण एका जागी टिकून नाही. आज इथं, उद्या तिथं. घोडा चिडका होतो, अंगाला हात लावू देत नाही, आणि तपासायला जावं तर हाती काही लागत नाही. हे सगळं मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मुंगी लंगडली ती नाल बदलल्यावर तिसऱ्या दिवशी, आणि मग माझी नजर खुरावरून हललीच नाही. सगळे खुरातच डोकं घालून बसतात म्हणणारी मी, मीही तिथंच बसले होते.

सासूबाईंना लाइम म्हणजे लिंबू एवढं ठाऊक होतं. लिंबाचा कसला रोग, असं त्यांनी विचारलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्या दुखण्याला लिंबूच म्हणतात.

सासऱ्यांना पहिली काळजी वेगळीच लागली. माझ्यामुळे तर तिला झालं नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी समजावलं, की ना तुमच्यामुळे तिला, ना तिच्यामुळे तुम्हाला; दोघांना त्या एकाच गवतातून. ते ऐकून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण डॉक्टरकडे चला म्हटल्यावर पुन्हा आवळला. आधी मुंगीचं रक्त पाठव, म्हणाले, तिचं तेच निघालं तर माझं बघू. सासूबाईंनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, जहाजावरून त्यांच्या मुलानं फोन करून सांगून पाहिलं. ते बधले नाहीत.

मी मुंगीचं रक्त शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मॅडमना मी हात जोडून सांगितलं, की तोवर काही ठरवू नका. रिपोर्ट आला तो तबेल्यातच, माझ्या फोनवर. संसर्ग होता, आणि नवा नाही, कित्येक महिन्यांपूर्वीचा. अशा तपासणीवरून आजार आहेच असं शंभर टक्के सांगता येत नाही. गोचिडांच्या भागातल्या धडधाकट घोड्यांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडतात. पण बाकी सगळं तपासून झालं होतं, आणि हिंडतं दुखणं आमच्या डोळ्यांसमोर होतं. मी सासऱ्यांना फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "बाबा, बूट घाला. आपल्याला डॉक्टरकडे जायचंय."

आमच्या डॉक्टरबाई सासऱ्यांना तीस वर्षं ओळखतात. गुडघा पाहून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता. सासरे शांतपणे म्हणाले, "घोडीचा रिपोर्ट यायचा होता." डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, तसं त्यांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, रक्त घेतलं, आणि आठवड्यात तिकडचाही निकाल आला. तोच.

औषधही दोघांना एकच निघालं, डॉक्सिसायक्लिन. फक्त मुंगीला रोज मूठभर गोळ्या आणि सासऱ्यांना दिवसातून दोन. दोघंही औषध घ्यायला सारखीच नाठाळ. मुंगी गोळ्यांची पूड काकवीत कालवून दिली तर काकवी चाटून पूड गव्हाणीच्या कोपऱ्यात नेमकी वेगळी काढून ठेवायची. सासऱ्यांना गोळीनं मळमळायचं, म्हणून ते ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचे. सासूबाईंनी डोळ्यांत तेल घालून दोघांकडे लक्ष ठेवलं. सकाळी घरी सासऱ्यांसमोर उभ्या राहून गोळी गिळवायच्या, मग तबेल्यात जाऊन मुंगीची गव्हाण तपासायच्या. या औषधावर ऊन बाधतं म्हणून सासऱ्यांना उन्हात जायला बंदी होती, तेव्हा बागकामाची स्वतःची रुंद टोपी त्यांच्या डोक्यावर बसवली. तिच्यावर कापडी फुलं होती. ती काढायला सासूबाईंना वेळ मिळाला नाही आणि सासऱ्यांनी काढा म्हटलंही नाही.

दहाव्या दिवशी मुंगीचं शेण पातळ झालं. या औषधानं घोड्यांच्या पोटाला त्रास होऊ शकतो आणि तो कधीकधी गंभीर असतो, हे मला ठाऊक होतं. मी औषध थांबवलं. सासरे दिवसभर तिच्या ठाणापाशी उलटी बादली ठेवून तिच्यावर बसून राहिले, फुलांच्या टोपीसकट. मी दर तासाला तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावत होते. दुपारी केव्हातरी, मी गव्हाणीपाशी वाकलेली असताना, मी त्यांना म्हटलं, "बाबा, मलाही तुमच्या खिळ्याचाच संशय आला होता."

"माहीत आहे."

"मी बोलले नाही."

"बोलली असतीस तर मी भांडलो असतो," ते म्हणाले. "भांडलो असतो तर बरं झालं असतं, पोरी. त्या सोमवारचं तेव्हाच तोंडातून निघालं असतं."

त्यांनी बादली जरा सरकवली आणि शेजारी वाळक्या गवताच्या भाऱ्यावर मला जागा करून दिली. आम्ही दोघं मुंगीच्या पोटाकडे बघत बसलो. तीन दिवसांनी शेण घट्ट झालं आणि मी औषध पुन्हा सुरू केलं, आधी थोडं, मग पूर्ण.

मुंगी आधी सुधारली. तिसऱ्या आठवड्यात तिनं ब्रश फिरवू दिला आणि फिरवणाऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. पाचव्या आठवड्यात मी तिला वाळूवर दुडक्या चालीनं पळवलं आणि चारही पाय सारखे पडले. मॅडम कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा पळवून झाल्यावर, पुन्हा एकदा पळवा ना, अशी विनंती केली. सासऱ्यांचा गुडघा हट्टी निघाला. सूज उतरायला दोन महिने लागले आणि थंडीच्या सकाळी तो अजून कुरकुरतो. मुंगीही थंडीत पहिली दहा पावलं अवघडून टाकते. पूर्वीसारखे दोघंही झाले नाहीत, पण दोघंही चालतात.

त्या नालबंद बाई एकदा स्वतःहून घरी आल्या. खिळ्याबद्दल आपण घाईनं बोललो, असं सरळ कबूल केलं. सासऱ्यांनी त्यांना बसवून घेतलं आणि म्हणाले, मीच हो म्हटल्यावर तुम्ही काय करणार. मग दोघं तीन तास खिळ्यांच्या कोनांवर बोलत बसले. सासूबाईंनी दोनदा चहा केला आणि तिसऱ्यांदा विचारलं, की तुमच्या घरी कुणी वाट बघत नाही का. त्या दिवशी वाटणी ठरली. थोराड आणि अवखळ घोडे बाईंकडे. दोन तट्टं आणि मुंगी सासऱ्यांकडे.

मुंगीचे नाल त्यांनी पुन्हा ठोकले तेव्हा मी तिला धरून उभी होते. पूर्वी जे काम तासात व्हायचं, त्याला अख्खी सकाळ लागली. एक खूर झाला की ते कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि मुंगी मान वळवून त्यांच्याकडे बघत थांबायची, मुलांसाठी थांबायची तशी. काम झाल्यावर त्यांनी मला तिला चालवायला सांगितलं, स्वतः मात्र पाठ करून हत्यारं पुसत बसले. मी म्हटलं, चार पाय, चारही ठीक. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि आणखी बराच वेळ तेच एक हत्यार पुसत राहिले.

मॅडमनी जंगलाकडच्या वाटेवरचं गवत दोन्ही बाजूंनी चांगलं हातभर रुंद कापून घेतलं. मुंगीच्या पाठीवर पुन्हा रडकी मुलं बसायला लागली. संध्याकाळचं फिरणंही चालू झालं, फक्त आता तीन जणांचं. यांच्यावर विश्वास नाही म्हणत सासूबाईही सोबत जायला लागल्या, विजारीचे पाय मोज्यांत खोचून.

परत आल्यावर तपासणी होते. आधी मुंगीची, तबेल्यात: जबड्याखाली, आयाळ, छाती, शेपटीखाली, मागच्या पायांच्या मध्ये. मग सासऱ्यांची, घरी खिडकीच्या उजेडात. कानांच्या मागे, मानेवर, गुडघ्यांच्या मागे. सासूबाई चष्मा लावून त्यांना उलटसुलट करतात आणि ते एखाद्या शहाण्या घोड्यासारखे उभे राहतात. परवा मी दवाखान्यातून आले तेव्हा त्यांच्या मानेवर एक सापडला होता. सासूबाईंनी तो चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढला, स्पिरिटच्या बाटलीत टाकला आणि बाटली माझ्या हातात दिली.

हात धुऊन त्या आत निघाल्या, तर सासऱ्यांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, तूही गवतातूनच आलीस, इकडे फिर. त्यांनी स्वतःचा चष्मा लावला, सासूबाईंचे केस एका बाजूला केले आणि कानामागे बघायला लागले. त्या म्हणाल्या, अहो, सून बघतेय. ते म्हणाले, बघू दे, तिचंच खातं आहे. आधी उजवा कान, मग डावा, मग मान, मग खात्री करून घ्यायला पुन्हा उजवा. काही सापडलं नाही, तरी ते बघतच राहिले, आणि सासूबाईही मान खाली घालून उभ्या राहिल्या.